तेंदूच्या फळीवरून जागतिक दहशतवाद

गडचिरोलीतल्या आमच्या पोलीस भरतीच्या क्लासमध्ये विषय वाटून घेताना गणित कोणाला येतं, भूगोल कोणाला येतो, अशी रीतसर चौकशी झाली. जागतिक दहशतवाद कोणाला येतो, हे मात्र कोणी विचारलंच नाही. संचालक सरांनी माझ्याकडे पाहिलं, बाकीच्या दोन शिक्षकांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि धडा माझ्या नावावर लागला. हे तुम्हीच चांगलं सांगू शकाल मॅडम, असं सर म्हणाले, आणि तेही अगदी आदराने.

मी बल्लारपूरची. वडील कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. आमच्या खानदानात पश्चिमेला सर्वांत लांब गेलेला माणूस म्हणजे माझे मामा. ते अकोल्यापर्यंत गेले आणि तिथलं पाणी खारं लागतं म्हणून परत आले. शुक्रवारची नमाज, ईदचा शिरखुर्मा आणि संध्याकाळच्या हिंदी मालिका, याच्यापुढे आमच्या घरी कोणाची मजल गेलेली नव्हती. मला खरं तर शिवकाल शिकवायचा होता. पण माझा स्वभाव खोडकर आणि नाकावर राग. म्हटलं, एवढी खात्री आहे ना तुम्हाला, तर असं शिकवते की गडचिरोली जिल्हा जन्मात विसरणार नाही.

महिनाभर मी गाईडं आणि जुनी वर्तमानपत्रं वाचली. वाचता वाचता लक्षात आलं की ही तर भावाभावांच्या वाटणीची गोष्ट आहे. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौज शिरली तेव्हा तिच्याशी लढायला निरनिराळ्या देशांतून तरुण गेले. मोठ्या देशांनी त्या लढाईला हत्यारं पुरवली, शाबासकी दिली. फौज परत गेली, पण लढायला आलेल्यांपैकी कित्येकांना घरी जायचं नव्हतं, आणि काहींना त्यांची सरकारं घरात घ्यायला तयार नव्हती. त्यांच्यातून एक संघटना उभी राहिली. आधी आपापल्या देशातले राज्यकर्ते शत्रू होते, मग सातासमुद्रापलीकडचे झाले. पुढे इराक मोडला, तिथली शाखा शिरजोर झाली आणि मूळ घरालाच म्हणाली की आता मालक मी. तिने सिरियात आणि इराकात मुलूख बळकावला, राज्य जाहीर केलं, आणि इंटरनेटवरून जगभर बोलावणी धाडली. मग सोमालिया, नायजेरिया, कुठे कुठे, आधीपासूनच आपल्या भांडणात गुंतलेल्या टोळ्यांनी या दोन भावांपैकी एकाचं नाव लावून घेतलं. यात मेले ते बहुतेक त्याच मुलखातले, माझ्यासारखेच नमाज पढणारे लोक. गाईडमध्ये त्यांना एक ओळ मिळाली होती.

आता हे शिकवायचं कोणाला, तर पहाटे पाच किलोमीटर धावून आलेल्या पोरापोरींना. अरबी नाव फळ्यावर लिहिलं की पहिल्या बाकाची मान खाली, दुसरं लिहिलं की दुसऱ्या बाकाची. निम्मी मुलं आलापल्लीच्या पलीकडची, जंगलातल्या खेड्यांतली होती. त्यांना जागं ठेवायला मी तेंदूची फळी काढली.

उन्हाळ्यात आमच्याकडे गावंच्या गावं जंगलातून तेंदूची पानं तोडून आणतात, त्यांचे पुडे बांधतात आणि मोकळ्या जागेत ओळीने वाळत घालतात. ती जागा म्हणजे फळी. ठेकेदार लांब कुठल्या तरी शहरात. गावात त्याचा मुन्शी, तोच फळी उघडतो आणि पुडे मोजून घेतो. मी सांगितलं, नाव लांबच्या ठेकेदाराचं, पानं तुमची, हात तुमचे, ऊनही तुमचंच. सोमालियातली ती टोळी अशीच चालते. झोपलेला वर्ग टक्क जागा झाला. एक जण म्हणाला की मॅडम, हे काल काऊन नाई सांगतलं.

मग मला चेव चढला. मी स्वतःच मुन्शी झाले, डोक्यावरच्या ओढणीचं टोक कमरेला खोचलं आणि नकाशासमोर उभी राहून म्हणाले की मला तुमच्या गावात फळी उघडायची आहे, तर मी आधी कोणाला गाठीन? ज्याचं घरात कोणी ऐकत नाही त्याला. त्याला काय सांगीन? की अख्खं जग तुझ्यावर अन्याय करतं आणि तूच त्याला सरळ करणार आहेस. मुलं पोट धरून हसत होती. त्यात कोणी तरी मोबाईलवर अर्धं मिनिट चित्रण केलं आणि मागचापुढचा भाग कापून पाठवून दिलं.

उरलं ते एवढंच: डोक्यावर ओढणी घेतलेली बाई, मागे नकाशावर गोल करून दाखवलेले इराक-सिरिया, आणि बाई तावातावाने सांगते आहे की मला तुमच्या गावात फळी उघडायची आहे. दोन दिवसांत ते गडचांदूरला सिमेंट कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या भावापर्यंत पोचलं. या बाईला ओळखतोस का, असं त्याला कोणी तरी विचारलं होतं. नाही, असं त्याने कळवलं, आणि मग मला फोन करून अर्धा तास शिव्या दिल्या.

सरांनी मला आठ दिवस आराम करायला सांगितलं. मला आरामाची काही गरज नव्हती. असे आठ दिवस कधी संपत नाहीत, हे मला माहीत होतं. मी घाबरले होते. थट्टा करता करता आपण आपली जागा घालवून बसलो, हे मला दिसत होतं, आणि दुसऱ्या कुठल्या क्लासने ते चित्रण पाहिल्यावर मला दारात उभं केलं नसतं.

चौथ्या दिवशी आलापल्लीच्या पुढच्या एका खेड्यातून एक म्हातारे गृहस्थ ते चित्रण पाहून आपल्या मुलीला परत न्यायला आले. मुलगी आमच्याकडची सर्वांत जोरात धावणारी. सरांनी त्यांना सांगितलं की त्या मॅडमना आम्ही सुट्टी दिली आहे. त्यावर ते म्हणाले की बाई शिकवते काय ते मी ऐकीन, मग ठरवीन. सरांनी मला बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं: यांनी मुलगी नेली तर तिकडची सगळी मुलं जातील, आणि मग मला तुम्हाला ठेवता येणार नाही. जरा सौम्य शिकवा.

सौम्य शिकवायचा माझा विचार होता. पण मागच्या बाकावर धोतर-टोपीतले ते गृहस्थ, शेजारी मान खाली घातलेली त्यांची मुलगी आणि दारात घाम पुसणारे सर असे एका ओळीत दिसले, आणि माझं डोकं फिरलं. तोच धडा, तेच शब्द, तोच मुन्शी मी जसाच्या तसा केला. फक्त या वेळी कोणी हसलं नाही.

संपल्यावर म्हाताऱ्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. "बाई, त्यांले रांधून कोण देते?"

एवढी गाईडं वाचली, त्यात शस्त्रं कुठून येतात ते होतं, प्रचार कसा होतो तेही होतं. भात कोण शिजवतं ते कुठेच नव्हतं. मी तसं सांगून टाकलं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात पूर्वी जंगलातून दादालोक, म्हणजे नक्षलवादी, यायचे, बंदुका घेऊन. अंगणात बसून साऱ्या जगाची गोष्ट करायचे, कुठकुठल्या देशांची. आणि गोष्ट संपली की विचारायचे, भात झाला का. म्हातारबाबांची बायको रांधायची. नाही म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी पोलीस येऊन विचारायचे की काऊन रांधलं. ती कोणाच्याच बाजूची नव्हती, पण दोन्हीकडचे तिला दुसऱ्याची समजत.

"तुमची फळी बराबर आहे," ते म्हणाले. "पण चूल नाई काढली तुमी."

मी मार्कर घेतला आणि नकाशावर जिथे जिथे गोल काढला होता, तिथे एकेक चूल काढली. अफगाणिस्तानात, इराकात, सिरियात, सोमालियात, नायजेरियात. माझी चित्रकला भयंकर आहे, चुली घोड्याच्या नालासारख्या दिसत होत्या, पण मुलांनी वहीत उतरवून घेतल्या.

मुलगी थांबली. उद्यापासून नेहमीप्रमाणे या, असं सर मला म्हणाले. मी म्हातारबाबांची पिशवी घेऊन त्यांना सोडायला बसस्टँडपर्यंत गेले. बस लागायची होती. त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या इथी आलते का असे कोणी?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी फाडून खाल्लं असतं. पण ते दुखण्याची चौकशी करावी तसं विचारत होते. "नाही भाऊ," मी म्हणाले. "आमच्या घरी ते कधीच आले नाही. त्यांचं नाव तेवढं येते."

ते म्हणाले, "मंग त्या नावाले बी रोज जेवाले द्या लागत असन तुमाले."

बस आली, आणि मी त्यांची पिशवी हातात धरून तिथेच स्टँडवर रडायला लागले.