घरी कोण हाय?

आमच्या नांदेडच्या ट्रॅक्टर शोरूमला दुपारचा चहा आला की कुणीतरी मॅनेजर साहेबांचा विषय काढतंच. चहा संपतो, किस्से काही संपत न्हाईत! मी स्पेअर पार्टच्या काउंटरला, त्यामुळं सगळं समोरच घडतं.

सुनंदाताई सेल्सच्या मुलाखतीला आल्या. शेजारी मालकही बसलेले. साहेबांचा पहिलाच प्रश्न, "लेकरं हायत का घरी?"

"दोन हायत."

"मग सुट्ट्या लई घ्याल!"

"साहेब, तुमाला किती लेकरं?"

"तीन."

"मग तुमी तर लईच घेत असाल!"

मालक खो खो हसले. ताई लागल्या कामाला!

आमच्या मेकॅनिक शेषरावच्या वडिलांना लकवा झाला. त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला तो संध्याकाळी वेळेवर निघायचा. साहेबांनी एकदा अडवलं.

"रोज काय घाई? बायको हाय की घरी!"

शेषराव शांतपणे म्हणाला, "ती बिनपगारी माहेरी गेली, मुरुडला, साहेब. तिची आई आजारी हाय. तिनं सुट्टी मागितली तर तिचा साहेब म्हणला, तुमचा भाऊ हाय की घरी!"

यंदा सेल्स हेडची जागा निघाली. सगळ्यात जास्त ट्रॅक्टर ताईंनी विकलेले. जागा मिळाली नव्या पोराला.

"तुमाला घर बघावं लागतं ना, ताई," साहेब म्हणाले. "त्याला तसलं टेन्शन न्हाई. आई-वडिलांकडं राहतो."

"म्हणजे तो घरी न्हाई, लॉजवर राहतो!" ताई म्हणाल्या.

आम्ही हसलो. ताई मात्र वॉशरूममध्ये गेल्या, बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. मग विक्रीची वही घेऊन सरळ मालकाच्या केबिनमध्ये शिरल्या. पोळ्याच्या आधी त्या हेड झाल्या. पेढे आम्ही वाटले!

आणि परवाची गोष्ट. साहेबांच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. वहिनी माहेरी, म्हणून त्यांनी म्हातारीला हिमायतनगरहून आणून केबिनमध्ये बसवलं होतं. बाहेर आमची मीटिंग चालू. साहेब जोरात, "ड्युटीवर आलं की घरचं सगळं गेटबाहेर ठेवायचं! समजलं?"

आतून हाक आली, "बाळू, ए बाळू! मला मोरीकडं ने रे!"

सुनंदाताई उठायला लागल्या, तर साहेब म्हणाले, "बसा ताई, मीच नेतो." आईचा हात धरून हळूहळू निघाले.

तेवढ्यात मालकाची गाडी लागली. आत येऊन त्यांनी विचारलं, "मॅनेजर कुठं हायत?"

ताई म्हणाल्या, "त्यांच्या मोठ्या साहेबांसंगं हायत. वेळ लागंल!"