मी कुणाबद्दल काही सांगत नाही

गावात माझी ओळख पत्रकवाली. दारूबंदीचं पत्रक मी लिहिलं, शाळेच्या गळक्या छपराचं मी लिहिलं, आणि 'कुणाच्या पोरीबद्दल ऐकू नका, बोलू नका' हेही मीच लिहून दूध डेअरीच्या भिंतीवर चिकटवलं. कोरेगावपासून जवळच आमचं गाव. इथं स्थळाचे पाहुणे आधी पोरीच्या घरी जात नाहीत. डेअरीवर थांबतात, 'पोरगी कशी हाय?' विचारतात. चार वाक्यांत एका आयुष्याचा निकाल. चीड यायची मला. अजून येते.

त्याच डेअरीच्या रांगेत शेजारची वहिनी माझ्या कानाशी लागली.

"आगं, तुजी मैत्रीण दर म्हयन्याला मिरजंला जाती म्हणं. दवाखान्यात, एकटीच. कशाला जात आसंल?"

"वहिनी, मला ऐकायचं नाही."

"आता गं बया! कानाला बी कुलूप लावलंस व्हय?"

रांग हसली. मी मान ताठ ठेवून दूध घातलं आणि घरी आले. पहिलीपासून एका बाकावर बसलेली माझी मैत्रीण. तिलाही काही विचारलं नाही. विचारणं म्हणजे अफवेला मान देणं, असं मला वाटायचं.

पुढच्याच महिन्यात शिराळ्याकडचे पाहुणे तिला बघायला आले. मुलगा तिला आधीच आवडला होता. त्याचा फोन येऊन गेला की तिचा चेहरा लपत नसे. पण मिरजेची कुजबुज पाहुण्यांच्या कानावर आधीच गेली होती. डेअरीवर कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं. "हिला इचारा. जिवाभावाची हाय तिची, आन खोटं बोलायची न्हाई."

मुलाच्या मामांनी हात जोडले. "पोरी, तेवढं मिरजंचं काय हाय ते सांग. आमचं मन निर्धास्त हुईल."

"मी कुणाबद्दल काही सांगत नाही. तिलाच विचारा."

मामांनी सोबतच्या मामींकडं पाहिलं. "कळलं," म्हणाले. गाडी तिच्या घराकडं वळलीच नाही. तिकडं तिच्या आईनं कपबशा धुऊन मांडून ठेवल्या होत्या.

'सोन्यासारखी पोरगी आहे' एवढं म्हणायला माझं काय जात होतं?

संध्याकाळी मी गेले. ती गोठ्यात शेण भरत होती, थांबली नाही.

"बाबांच्या गोळ्या आणायला जाते मी मिरजेला."

तिचे वडील निवृत्त फौजी. त्यांच्या आजाराचं नाव मी इथंही लिहिणार नाही. गावात त्याला लोक सरळ वेड म्हणतात. कुणी ओळखीचं बघेल म्हणून ते मिरजेच्या स्टेशनवर बाकावरच बसून राहतात आणि दवाखान्याची पायरी ती एकटी चढते. कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांनी तिला शपथ घातलेली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस? तुला सांगितलं असतं मी, शपथ मोडून. सगळं गाव बोलत होतं आणि तू एकटी गप. मी वाट बघत होते."

"मी उद्याच शिराळ्याला जाते. त्यांना सांगते..."

"काय सांगशील? बाबांचं?" तिनं पाटी उचलली. "जा तू आता."

ते पत्रक मी फाडलं नाही. चघळायला आलेली गोष्ट थुंकून टाकावी, हे मी आजही छातीठोक सांगेन. पण ती आपल्या माणसाची असेल तर शेवटपर्यंत ऐकावी आणि त्याच दिवशी त्याच्या दारात जावं. मी कान स्वच्छ ठेवले, आणि तिला एकटीला सोडलं.

ती आता माझ्याशी बोलत नाही. बाजारात तिचे वडील भेटतात. डेअरीवर मी पाहुण्यांना काय उत्तर दिलं, ते त्यांना माहीत नाही.

"आगं, घरला का येत न्हाईस? भांडलासा काय दोघी?"

"न्हाई काका, कामात हाय."

"ये की. ते स्थळ मोडल्यापास्नं लय गप आसती गं. तू आलीस तर बोलंल."

"येते," म्हणते मी.