पंपाची साखळी

"अरे, उतर ना आत. तुला काय नवीन आहे?"

सोसायटीचे सेक्रेटरी मला म्हणाले. दहा मिनिटांपूर्वी मी 'इंजिनिअर साहेब' होतो. मध्ये एवढंच झालं, त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग वडिलांचं नाव. "म्हणजे तू त्याचा मुलगा! आमच्या जुन्या बिल्डिंगची टाकी तोच साफ करायचा." बाप कळला आणि मी 'तू' झालो.

भाईंदर पूर्वेला, खाडीच्या अंगाला ही सोसायटी. दोन हजार चार-पाचची गोष्ट. गटाराची लाइन तिथे पोचली नव्हती, म्हणून सेप्टिक टँकच्या पाण्यासाठी मी फिल्टर डिझाइन केला होता. पाणी दुसऱ्या टाकीत घ्यायचं, पंपाने खडीच्या थरावर थोडं थोडं सोडायचं, झिरपलेलं परत टाकीत आणायचं, पुन्हा सोडायचं. चार-पाच फेऱ्यांत वास जातो. बायकोला समजावलं तर म्हणाली, "म्हणजे तुमच्या गोष्टींसारखं. तेच तेच फिरवायचं." फरक एवढाच, पाणी शेवटी स्वच्छ होतं.

सेक्रेटरींना ते फिरणं बघवेना. "पाणी उगाच गोल गोल फिरतंय," म्हणून त्यांनी पंपच बंद ठेवला. टाकीत गाळ बसला, पंप जाम झाला. आणि नेमका सत्यनारायणाच्या दिवशी वास मांडवात शिरला. मला बोलावणं आलं. मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. चार लोकांत कौतुक होईल, प्रसाद मिळेल, असंही मनात होतं. खोटं कशाला बोलू.

ज्यांच्याकडे नोकरी करत होतो त्या साहेबांना फोन लावला.

"उतर रे एकदा. क्लायंट आहे. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटं. त्या टाकीतल्या वायूला दोन पुरतात.

माझा बाप उतरायचा. कमरेला दोर. आधी स्वतःच वर बघून ओरडायचा, "बाई, खिडक्या लावून घ्या!" लोकांना त्रास नको म्हणून. खटाखट खिडक्या लागायच्या. मग तो आत. घरी आला की आई लांबूनच अंगावर पाणी ओतायची. पन्नाशी त्याने पाहिली नाही. मी डिप्लोमा केला तो टाकीपासून पळायला. पळून पोचलो कुठे? टाकीच्याच नकाशावर.

त्या दिवशी झाकणापाशी उभा राहिलो आणि आठवलं. माझ्या पहिल्या नकाशात पंपाला साखळी होती. वरून ओढली की पंप बाहेर. कुणी आत उतरायला नको. तेव्हा हेच सेक्रेटरी म्हणाले होते, "साखळी कशाला? माणूस मिळतो की." साहेबांनी मान हलवली. मी "यस सर" म्हणालो. ब्लेडने रेघ खरवडली.

साखळी खोडून तिथे मी एक माणूस काढला होता. तो माझा कुणी नव्हता, म्हणून हात अडला नाही.

"नाही उतरणार," मी म्हणालो.

"राहू दे. नाक्यावरून कुणाला तरी आणतो."

मी झाकण ओढून बंद केलं आणि वर बसलो. इस्त्रीच्या पँटीसकट.

"काय तमाशा लावलाय? पूजा चाललीय!"

"चालू द्या. टँकर बोलवा, टाकी वरून उपसा, पंप आकड्याने काढा. आत माणूस जाणार नाही."

"नोकरी जाईल तुझी."

घरची सगळी तोंडं डोळ्यांसमोर आली.  झाकणावरून उठलो नाही.

टँकर संध्याकाळी आला. नोकरी सोमवारी गेली.

आता नकाशे मी स्वतःच्या नावावर करतो. माणूस उतरवावा लागेल अशी टाकी काढत नाही. कुणी हट्ट धरलाच, तर कोरा कागद पुढे सरकवतो. आत कोण उतरणार, त्याचं नाव आधी स्वतःच्या हाताने लिहा. अजून एकानेही लिहिलेलं नाही. मी विचारायचं थांबणार नाही.