आजच आलेला माणूस

"आजच आलो, साहेब!" छातीला हात लावून तो हे इतक्या निरागसपणे म्हणायचा, की ऐकणाऱ्यालाच आपल्या शंकेची लाज वाटावी.

आमच्या कंपनीत अधूनमधून लेबर इन्स्पेक्टर यायचा. आधी साहेबांच्या केबिनमध्ये तर्री-पोहे, मग पाहणी. तेवढ्या वेळात ठेकेदार आपल्या माणसांना पढवून ठेवायचा, कुणी विचारलं तर आजच आलो म्हणा. जुना माणूस निघाला तर कंपनीला त्याला पर्मनंट करावं लागेल ना! बाकीचे बोलताना अडखळायचे. हा पठ्ठ्या मात्र बॉयलरची राख ओढून नखशिखांत काळा झालेला, आणि तरी आजच आलेला. मी टाइम ऑफिसात पर्मनंट कारकून. रुजू झालो त्या दिवशी संडास कुठे आहे हे मला यानेच दाखवलं होतं.

असा एखादा नमुना तुमच्याही पाहण्यात असेल. कंपनीची काळजी मालकापेक्षा यालाच जास्त. एकदा आमचा फिटर याला डुलक्या काढताना सापडला.

"काहून झोपून राहिला गा? आपली कंपनी हाये!"

"तुझी कुठून रे? तू तर ठेकेदाराचा!"

"होईन नं पर्मनंट. मंग पायतो तुले!"

पर्मनंट व्हायचं होतं ते बायकोसाठी. तिला दमा होता. पर्मनंट माणसाच्या घरच्यांना कंपनीच्या दवाखान्यात फुकट औषध मिळे. आमच्यातले काही महाभाग तिथलं खोकल्याचं औषध निव्वळ गोड लागतं म्हणून आणत, आणि ती बाई श्वासासाठी तडफडे. मला याचा संताप यायचा, अजून येतो.

शेवटी युनियनने कोर्टात केस घातली. वकिलाने एकेकाकडून जबानी घोकून घेतली. याने धुतलेला सदरा घातला, केसांना तेल चोपडलं. आधीचे सगळे नीट बोलले. मग याची पाळी आली. काळ्या कोटातल्या जजसाहेबांनी मान वर केली.

"कंपनीत कधीपासून काम करता?"

याचा हात छातीला गेला. "आजच आलो, साहेब!"

सगळं कोर्ट खो खो हसलं. जजसाहेबही हसले, आणि तेवढंच लिहून घेतलं. वकिलाने कपाळावर हात मारला. बाकीचे पर्मनंट झाले, हा राहिला.

"काळा कोट पायला अन् तोंडातून निघूनच गेलं गा," कोर्टाच्या पायरीवर बसून तो म्हणाला. आधी हसला, मग रडायलाच लागला. "आता बायकोले काय सांगू?" मीही रडलो.

केस केली म्हणून ठेकेदाराने त्याला काढून टाकलं. कळमेश्वरच्या एका कारखान्यात काम मिळालं, तेही दुसऱ्या ठेकेदाराकडेच. पर्मनंट माणसाच्या निरोपाला हॉल, शाल आणि झोप येईल अशी भाषणं. याला आम्ही गेटबाहेर चहाच्या टपरीवर झेंडूचा हार घातला. तेवढ्यात मोठ्या साहेबांची गाडी गेटाशी थांबली.

"कौन है ये?"

"कोणी नाही साहेब," वॉचमन म्हणाला. "ठेकेदाराचा माणूस होता."

माझं डोकं सटकलं. "कोणी नाही कसा? तुम्ही-आम्ही यायच्या आधीपासून इथं मरमर राबलाय हा माणूस!"

त्यानेच माझी बाही ओढली. "काहून भांडून राहिले गा? तुमची पर्मनंट नोकरी हाये. सांभाळा."

तेवढ्यात बस आली. हार गळ्यात तसाच ठेवून तो चढला. आमच्या पाळीचा भोंगा वाजला. बस हलली, तरी दारात उभा राहून तो मला हाताने खुणावत होता, आत जा, आत जा, लेट मार्क लागेल.