‘जातो’ म्हणायचं नाही

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, “आजी, आमच्या खेळाचे नियम तुला समजावून सांगू का?” मी नुसती हसले. हा खेळ मी कोरेगावजवळच्या आपल्या गावी, घराच्या सोप्यात सतरंजीवर बसून खेळले आहे. तेव्हा तुमचे बाबा पाळण्यात होते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहत होतो. तुमचे आजोबा कॉलेजात गणित शिकवायचे आणि मे महिन्यात आम्ही गावी जायचो. त्या वर्षी माझे धाकटे दीर अमेरिकेहून सुट्टीवर आले होते. त्यांच्या बॅगेतून एक पातळ पुस्तक आणि कधी न पाहिलेले फासे निघाले. एकाला चार तोंडं, एकाला वीस. खेळातली गोष्ट ताऱ्यांमधून फिरणाऱ्या एका जहाजाची होती. त्या जहाजावर यंत्रं दुरुस्त करणारेही होते आणि मंत्र टाकणारेही, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दिरांना स्वतःला खेळायचं होतं, म्हणून पुस्तक वाचून खेळ चालवायचं काम माझ्याकडे आलं. चालवणाऱ्याला आम्ही पंच म्हणू लागलो. मी सगळ्यांना बसवून मूळ नियम सांगितले. प्रत्येकाने त्या जहाजावरचा एक गडी व्हायचं. समोर काय दिसतं ते पंचाने सांगायचं. आपला गडी काय करतो ते ज्याने त्याने सांगायचं, दुसऱ्याच्या गड्याचं नाही. सहज होण्यासारखं असेल तर ते झालं असं धरायचं. होईल की नाही अशी शंका असेल तिथेच फासा टाकायचा. गड्याला अनुभव आला की त्याचा हुद्दा वाढतो. आणि पंचाचा निकाल अखेरचा.

सासरे सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना शेवटचा नियम फार आवडला. “हुकूम एकाचाच पायजे,” ते म्हणाले. “पर जिकतं कोन?”

“कुणीच नाही, मामंजी. सगळे एकाच बाजूचे.”

“मग लढायचं कुनाशी?”

“मी आणीन त्यांच्याशी.”

“म्हंजी सुनंशीच. ते काय नवीन न्हाई.”

लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, तरी त्या सोप्यात मामंजींसमोर बसून बोलायची माझी ती पहिलीच वेळ. त्या सतरंजीवर मी सांगेन तसं वारं वाहायचं, आणि मला ते भारी आवडलं होतं. अडचण सासूबाईंची होती. त्या उंबऱ्याशी बसून चिंच फोडत असायच्या आणि कान आमच्याकडे. दीर आठवड्याभरात विमानाने परत जाणार होते, तो घोर त्यांच्या मनाला लागलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, “घरात वंगाळ बोलायचं न्हाई. वास्तू तथास्तु म्हनती. माझं पोरगं इमानात बसायचं हाय. तसला शब्द कानावर आला तर फासं हिरीत टाकीन.” त्या बोलल्या की करायच्या. फासे विहिरीत गेले असते तर मीही स्वयंपाकघरात परत गेले असते.

तिसऱ्या दुपारी जहाजाचं दार आतून अडकलं. दीर म्हणाले, “मी छतातल्या झडपेतून शिडीवरून बाहेर जातो आणि बाहेरच्या बाजूने दार उघडतो.” बाहेर म्हणजे तारे आणि खाली काहीच नाही. मी वीस तोंडांचा फासा टाकायला सांगितला. एक पडला. पुस्तकात त्याचा अर्थ एकच होता, आणि तो मला उंबऱ्यापर्यंत ऐकू जाईल असा बोलायचा नव्हता.

आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात. मला तोच शब्द सुचला.

“भावजी,” मी म्हणाले, “तुमचा गडी वाढला.”

मामंजी ताठ झाले. “वाढला? आमी परवापास्नं राबतोय, आमी हवालदारच. आन ह्यो आज शिडीवर चढला न्हाई तवर वाढला?”

“हुद्दा नाही, मामंजी...”

“मग काय वाढलं?”

तुमचे आजोबा तोंडावर उपरणं धरून हसत होते. दिरांनाही उलगडा झाला नव्हता. बोलल्या त्या सासूबाई. “आवं, बांगडी वाढती तसा वाढला.” मग हातातली चिंच खाली ठेवून मला विचारलं, “निघताना काय म्हनला ह्यो?”

“बाहेर जातो म्हणाले.”

“मग पडंल न्हाई तर काय? घरातनं निघताना कुनी जातो म्हनतं व्हय? येतो म्हन, आन टाक पुन्ना.”

“आई,” आजोबा म्हणाले, “फाशाला काय कळतंय?”

“तू गप. पंच ती हाय.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. असा नियम पुस्तकात नव्हता. पण पंचाचा निकाल अखेरचा, हे पुस्तकातच होतं. “चालेल,” मी म्हणाले. “इथून पुढे बाहेर पडणाऱ्याने येतो म्हणायचं. तसं म्हटलं की एकदा फासा पुन्हा मिळेल.”

दीर म्हणाले, “बाहेर जाऊन येतो,” आणि फासा टाकला. सात. हवे होते दहा.

“पाय सुटलाय,” मी म्हणाले, “पण एका हाताने शिडी धरली आहे. वर कोण ओढणार?”

“आमी हाय की,” मामंजी म्हणाले. फासा त्यांनी दोन्ही तळव्यांत घोळवला, टाकला, आणि आकडा बघायच्या आधीच लेकाचं मनगट पकडलं. “धर रं.” आकडा चौदा होता.

सासूबाई चिंचेची पाटी भिंतीकडे सरकवून म्हणाल्या, “त्या जहाजावर सैपाक कोन करतं?”

पुस्तकात त्याबद्दल अक्षर नव्हतं. “पुरुष करतात, आत्याबाई.”

“मग मलाबी एक गडी दे,” त्या म्हणाल्या, आणि मामंजींना जरा तिकडे सरका म्हणून सतरंजीवर येऊन बसल्या.