दाखवायची सवारी

आमच्याकडे पाहुणे येतात ते आमच्यासाठी येत नाहीत, अक्कलकोटसाठी येतात, हे मी फार पूर्वीच मान्य करून टाकलं आहे. सोलापुरात घर असण्याचा हा मान म्हणा की ताप म्हणा. पुण्याच्या जावेची मावशी असो नाहीतर नाशिकच्या मैत्रिणीचे सासू-सासरे, तिकीट निघालं की आधी मला फोन येतो, "अगं, स्टेशनवरून अक्कलकोटला जायचं कसं?" मग मी पाठ केल्यासारखं सांगते. एसटी आहे, पण गुरुवारी उभं राहायची तयारी ठेवा. रेल्वेनंही जाता येतं, पण तिथलं स्टेशन गावापासून लांब, पुन्हा रिक्षा शोधत बसावं लागतं. नाहीतर सरळ फोनवरून गाडी बोलवा. दाराशी येते, एसी असतो, मंदिराजवळ सोडते.

एवढं सांगून मी फोन ठेवते आणि सोफ्यावरून माझे वडील, अप्पा, म्हणतात, "वडापचं न्हाय सांगितलंस."

"वडाप राहिलंय कुठं आता?"

"हाय की, येखाददुसरी गाडी." आणि ते पुन्हा पेपरात तोंड घालतात.

अप्पांनी उभं आयुष्य सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर वडापची जीप चालवली. बाहेरच्यांसाठी सांगायचं तर, वडाप म्हणजे सीटवर माणसं घेणारी गाडी, जिला वेळापत्रक नसतं. भरली की सुटली. आणि भरली याचा अर्थ जीप बनवणाऱ्या कंपनीनं ठरवलेला नव्हे, अप्पांनी ठरवलेला. समोर ड्रायव्हरच्या शेजारी तिघं, मागं समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बाकीचे, आणि "जरा सरकून घ्या की मावशी" म्हणत आणखी एक. आज ती दाटी आठवली की मला उगीचच बरं वाटतं. तेव्हा जीव नकोसा व्हायचा, तेही खरं.

एसटी स्टँडाच्या बाहेर गाड्या नंबरानं लागत. नंबर आला की गाडी भरायची, आणि खरी कला तिथंच होती. मोकळ्या जीपमध्ये पहिलं कुणी बसत नाही. परगावची माणसं आत डोकावतात, रिकाम्या सीटा बघतात आणि 'ही कधी भरायची' म्हणत एसटीकडे वळतात. म्हणून प्रत्येक ड्रायव्हर आपल्या गाडीत दोन-तीन माणसं नुसती बसवून ठेवायचा. कुठंही न जाणारी. त्यांना बघून खरी माणसं बसायची, आणि खरी माणसं बसत गेली की ही खोटी एकेक करून उतरायची. कुणी पान खायला, कुणी लघवीला, आणि ती परत यायची नाहीत. अप्पा त्यांना 'दाखवायची सवारी' म्हणत. बाकीचे ड्रायव्हर मित्रांना बसवत. अप्पांकडे आई होती.

आईसारखी दाखवायची सवारी अख्ख्या स्टँडावर नव्हती, हे मी लेक म्हणून नाही, सगळा स्टँड म्हणायचा म्हणून सांगते. गुरुवारी ती घरचं आवरून, चांगलं लुगडं नेसून, हातात हार-फुलांची पिशवी घेऊन मागच्या बाकड्यावर खिडकीशी बसायची. चेहरा असा, की आत्ता समाधीसमोर उभी राहणार. मी लहान होते तेव्हा तिच्या मांडीवर मीही असायची. बायकामंडळी तिला बघूनच बसत. "दर गुरुवारी जाता का हो?" असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "व्हय, दर गुरुवारी." माहेर दुधनीचं असल्यामुळे तिला कन्नड यायचं. तिकडची माणसं दिसली की "बर्री, बर्री", म्हणजे या, या, म्हणून ती त्यांना जागा करून द्यायची. मग अप्पा इंजिन चालू करून गाडी वीतभर पुढं घ्यायचे. ती खूण असायची. आई पिशवी उचलायची आणि उतरायची, आणि तिच्या सीटवर खरं माणूस बसायचं.

फुलं मात्र खरी असायची. ती शेवटच्या सवारीकडे द्यायची, "माझ्या नावानं वाहा" म्हणून.

आता कुणी म्हणेल, एवढी हौस तर एसटीनं जायचं होतं. लग्नाआधी माहेरच्यांबरोबर ती कितीदा तरी गेली होती. तिला जायचं होतं ते अप्पांच्या गाडीतून, पुढं त्यांच्या शेजारी बसून, सोलापूर सोडल्यापासून अक्कलकोट येईपर्यंत. नव्या नवरीची इच्छा होती ती, आणि ती तिनं लपवलीही नव्हती. अप्पा दरवेळी म्हणत, "सीट शिल्लक राहिली की न्हेतो." पण नंबरातल्या गाडीत घरच्या माणसानं सीट अडवायची नाही, हा स्टँडाचा रिवाज होता, आणि अप्पा रिवाजाला पक्के. शिवाय आई बसल्यावर सीट शिल्लक राहील कशी? स्वतःची जागा घालवायचं काम ती स्वतःच इतकं चोख करायची. लहानपणी मला याचं हसू यायचं. मोठी झाल्यावर अप्पांचा राग यायला लागला.

मग रस्ता मोठा झाला. लोकांच्या हातात फोन आले. स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं स्टँडाकडे न बघता फोनकडे बघू लागली, आणि पांढऱ्या गाड्या त्यांना नावानं शोधत येऊ लागल्या. नंबराची रांग आखडत गेली. अप्पांच्या जीपचं वय झालं, कागदपत्रं पुढं वाढेनात, आणि शेवटी ती मोडीत द्यायची ठरली. द्यायच्या आधीच्या गुरुवारी अप्पा म्हणाले, शेवटचा नंबर लावून येतो. आई लुगडं बदलून आली. मला सुट्टी होती, मीही गेले.

सकाळभर आम्ही दोघी जीपमध्ये बसून होतो. आईनं चेहरा तसाच ठेवला होता, पण बघायला कुणी नव्हतं. एक जोडपं आलं, त्यांनी एसटी कुठं लागते ते विचारलं. अप्पांनी हात करून दाखवली. ऊन चढलं. फुलं सुकायला लागली तसं आईनं पिशवीत पाणी शिंपडलं. शेवटी अप्पा आत बसले आणि इंजिन चालू केलं.

आई सवयीनं उठली.

"बस," अप्पा म्हणाले. "म्होरं येऊन बस. जाऊ."

"कुटं?"

"अक्कलकोटला. आनि कुटं?"

"मोकळी गाडी घिऊन?"

"भरायचीय कुनी हितं?"

आई पुढं जाऊन बसली. मी मागं, सगळी बाकडी मला एकटीला. इतकी वर्षं जे हवं होतं ते तिला मिळत होतं, आणि मला रडू येत होतं, कारण ते असं मिळायला नको होतं. वाटलं, आई तरी खूश असेल. तर कुंभारी यायच्या आत तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि रस्त्याच्या कडेला उभ्या माणसांना हाका मारायला लागली, "अक्कलकोट, अक्कलकोट, चला." अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं, निवांत बस." ती कसली निवांत बसते. वळसंगला तिनं गाडी थांबवायला लावली, उतरून फाट्यावरच्या बायकांना विचारून आली. त्यांना दुसरीकडे जायचं होतं. "एकसुद्धा मानूस न्हाय," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. नवऱ्याची गाडी मोकळी पळते आहे, हे तिला बघवत नव्हतं.

देवळात तिनं फुलं वाहिली, डोकं टेकवलं आणि मी चप्पल काढून आत पोचते न पोचते तोच बाहेर आली. म्हटलं, एवढ्या वर्षांनी आलीस, काय मागितलंस तरी? म्हणाली, "परतीला गाडी भरू दे म्हनलं."

आणि भरली. बेळगावकडची मंडळी होती, त्यांची ठरवलेली गाडी आलीच नव्हती आणि त्यांना सोलापूरहून रेल्वे गाठायची होती. "बर्री, बर्री," आईचा आवाज अख्ख्या स्टँडावर घुमला. तिनं त्यांच्या पिशव्या ओढल्या, म्हाताऱ्यांना पुढं चढवलं, माझ्या मांडीवर कुणाची तरी पेटी ठेवली आणि स्वतः पुढं जाऊन बसली. अप्पा स्टिअरिंगला हात लावून हसत होते. मागं गुडघ्याला गुडघे लागले. शेवटी त्यांच्यातला एक धडधाकट जावई तेवढा खाली राहिला.

आईनं बघितलं आणि पुढच्या सीटवरून उतरली. "बसा तुमी. मी यष्टीनं येते."

जावई चढणार तेवढ्यात अप्पा गाडीला वळसा घालून आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, मागं यष्टी लागलीया, तिनं या. ही सीट गेलीया."

"कुनाची?" आईनंच विचारलं.

अप्पा दार धरून उभे राहिले, ती चढेपर्यंत.

आई चिडली. आलेली सवारी सोडली, तीही शेवटच्या दिवशी, तीही घरच्या माणसासाठी, लाज कशी वाटत न्हाय. वळसंग येईपर्यंत ती बोलत होती. अप्पा सरळ रस्त्याकडे बघत चालवत होते. बेळगावची मंडळी मागं हसत होती, त्यांना काय कळलं कोण जाणे.

सोलापूर स्टेशनसमोर गाडी थांबली. सगळे उतरले, पिशव्या उतरल्या, पेटी उतरली. मीही पाय मोकळे करायला उतरले. आई बसून राहिली. अप्पा म्हणाले, "आलं की सोलापूर." ती समोरच्या काचेतून बघत होती. म्हणाली, "म्हाईत हाय," आणि पदर सावरून सीटवर आणखी मागं सरकून बसली.