रिकामी वाटी

बारामतीजवळच्या जळोचीत आमच्या शेजारच्या काकूंना जगभरातून पोस्टकार्डं येत. त्यांच्या पुण्यातल्या मुलीनं त्यांचं नाव इंटरनेटवरच्या एका मंडळात घातलं होतं. आपण एका अनोळखी माणसाला कार्ड धाडायचं, मग तिसराच कुणी आपल्याला धाडणार, असा तिथला नियम.

काकूंना तो कधीच पटला नाही. "ज्यानं दिलं त्याला माघारी काय न्हाय? ही कसली रीत?"

त्यांच्या घरून शेजारणीची वाटी कधी रिकामी परत गेली नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी असायची. म्हणून काकू नियमाप्रमाणं एक कार्ड धाडत, आणि ज्याचं आलं त्यानं पत्ता लिहिला असला तर त्यालाही एक. बारामतीच्या चित्रांची कार्डं मिळायची नाहीत. मग साध्या कार्डावर त्या काहीबाही चिकटवत. एकदा उसाचं पान, एकदा डाळिंबाचं वाळलेलं फूल.

"एकासारखं दुसरं नगं. एकाच घरी रोज तीच भाजी देतो व्हय आपण?"

फिनलंडच्या एका बाईकडून पुन्हा बर्फाचंच चित्र आलं, तेव्हा मी हसलो. काकू हसल्या नाहीत. "तिच्याकडं दुसरं काय नसंल," म्हणाल्या, आणि आपल्या जुन्या लुगड्याचा लाल काठ कापून तिच्या कार्डावर चिकटवला.

मी इंदापूरला राहायला आलो, तेव्हा त्यांचा लाडवांचा डबा सामानात माझ्याबरोबर आला. परवा फोनवर विचारलं, "काकू, डब्यात काय भरून आणू?"

"घाई न्हाय," त्या म्हणाल्या. "डबा तुझ्याकडं हाय तवर तुझं येणं हाय."